सरळ सहा की वाकडे आठ

अन्वीचे पुढचे दोन्ही दात एकाच आठवड्यात पडले आणि ती पहिलीत जायची झाली, त्या वर्षीची ही गोष्ट. तिचे आजी-आजोबा, सुधा आणि आत्माराम देवस्थळी, उन्हाळ्यात कराडहून जर्मनीत बॉबलिंगेनला मुलाकडे आले होते. व्हिसा तीन महिन्यांचा. दिवाळीनंतर सुधाबाईंच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि विमानात पाय दुमडून इतका वेळ बसणं पुन्हा होणे नाही, हे त्यांनी उतरल्या उतरल्या विमानतळावरच जाहीर करून टाकलं. म्हणजे जे काय बघायचं ते याच खेपेला.

आत्माराम रागीट गृहस्थ. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या तक्रार-खिडकीवर गेली. गाडी आली नाही, कंडक्टरने सुटे दिले नाहीत, टपावरची कोंबडी उडाली, असला सगळ्या जिल्ह्याचा राग त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. निवृत्त झाल्यावर स्वतःचा काढायला सुरुवात केली, आणि साठा मोठा होता.

बॉबलिंगेनला त्यांना फार वाट बघावी लागली नाही. त्या मुलखात एक रीत आहे. इमारतीचा जिना आठवड्याला एका घराने झाडायचा-पुसायचा. ज्याची पाळी त्याच्या दाराला लाकडी पाटी टांगतात, आणि त्या पाळीला म्हणतात केरवोखं. चला, निदान केराला तरी हे लोक केर म्हणतात, असं म्हणून आत्मारामांनी मोठ्या उत्साहाने मुलाच्या घरची पाळी अंगावर घेतली. शनिवारी तिसऱ्या मजल्यापासून खालपर्यंत जिना लख्ख झाडला. वर येऊन चहाचा कप तोंडाला लावतात न लावतात तोच खालून खसखस आवाज. तळमजल्यावरचे हेर क्राउटर, हेर म्हणजे तिकडचे श्रीयुत, वय एक्याऐंशी, स्वतःचा झाडू घेऊन तोच जिना पुन्हा झाडत होते. कोपऱ्यात झाडू उभा धरून, खरवडून. कोणाकडे न बघता.

माणसाने तोंडावर शिवी द्यावी. ती परत देता येते. पण झाडलेला जिना पुन्हा झाडणाऱ्याला काय द्यायचं? आत्मारामांनी त्या दिवशी चहा घेतला नाही. पुढच्या पाळीला त्यांनी दोनदा झाडलं. क्राउटरांनी तिसऱ्यांदा झाडलं. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं. आधीही नव्हतंच, कारण एकाला मराठी येत होतं आणि दुसऱ्याला तिकडची श्वाबी बोली. पण आता ते ठरवून बंद होतं.

सुधाबाईंचं मागणं मात्र एकच होतं. त्या हर्णैच्या. समुद्राच्या कुशीत वाढलेल्या आणि लग्न होऊन घाटावर पडलेल्या. बॉबलिंगेनची हवा स्वच्छ, झाडी दाट, रस्ते धुतल्यासारखे, पण आठ-दहा दिवसांनी त्या म्हणाल्या, "इथल्या हवेला वासच नाही. या देशाला समुद्र आहे की नाही?"

आहे, त्यांचा मुलगा कुमार म्हणाला. उत्तरेला, कुक्सहाफेनला. आईला समुद्र दाखवायचा. यात अवघड काय होतं? स्टुटगार्टहून आगगाडी जाते. तिकीट काढायचं, डबा बांधायचा, बसायचं. पण कुमार सॉफ्टवेअरवाला. सोपी गोष्ट सोपेपणाने केली तर नोकरी कशाला राहील? आईचे गुडघे, आईचं खाणं, आईला लागणारा संडास, या तिन्हींचा एकत्रित विचार करून त्याने एक जुना कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे बांधून ओढायचं चाकांवरचं घर, विकत घेतला. चार चाकांचा, लांबच लांब, आत गॅस, पलंग, संडास. विकणाऱ्याने तो अंगणात आणून सोडला आणि तो पळाला म्हणायला हरकत नाही, कारण निरोप घ्यायलासुद्धा थांबला नाही.

कॅरॅव्हॅन उभा राहिला तो नेमका क्राउटरांच्या टोमॅटोच्या वाफ्यावर सावली धरून. आत्मारामांना हे कळलं तेव्हा त्यांना कॅरॅव्हॅनबद्दल प्रथमच प्रेम वाटलं. पण क्राउटर काही नुसते बसणारे नव्हते. इमारतीचा कारभार पाहणाऱ्या हाउसफेरवाल्टुंगचं पत्र आलं, की जुलैच्या मध्यापर्यंत हे वाहन हलवा. आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात देवस्थळींचं परतीचं विमान.

"मग आपण गाडीनेच जाऊन येऊ की," सुधाबाई म्हणाल्या.

आत्माराम कडाडले. तो म्हातारा म्हणतो म्हणून घर अंगणात टाकून चोरासारखं आगगाडीने जायचं? हे घर हलेल, आणि हलेल ते समुद्राकडेच हलेल. झालं. समुद्र सुधाबाईंचा होता, तो आता आत्मारामांच्या इभ्रतीचा झाला.

आता प्रश्न असा की ओढणार कोण. कुमारची गाडी विजेवरची, लहानशी. तिला मागे सायकल बांधली तरी ती खिन्न व्हायची. चांगल्यापैकी कोणतीही मोठी गाडी भाड्याने घेतली असती तर काम झालं असतं. क्षितिजा तेच म्हणाली. ती कुमारची बायको, स्टुटगार्टच्या एका कारखान्यात डिझेलच्या इंजिनात तेल फवारायच्या यंत्रणेवर काम करायची. म्हणजे घरात या विषयातलं ज्याला कळतं असं तेवढंच एक माणूस, आणि म्हणूनच बहुधा तिला कोणी विचारलं नाही. विचारलं यशोधनला.

यशोधन कुमारचा कॉलेजातला मित्र, स्टुटगार्टला कंत्राटी इंजिनिअर. तो रविवारी पोहे खायला आला, अंगणात उतरला, कॅरॅव्हॅनभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि डॉक्टरने रिपोर्ट पाहून चष्मा काढावा तसा काढून म्हणाला, याला हेवी-ड्यूटी पिकअप पाहिजे. अमेरिकन. मोठं डिझेल. वाटेत कासेलचे चढ आहेत, काका, तिथे भल्याभल्यांची छाती फुटते.

त्या रविवारपासून त्या घरात जे सुरू झालं त्याला तुलना म्हणतात. आपल्या लोकांना वस्तू घ्यायला आवडत नाही. तुलना करायला आवडते. वस्तू घेतली की तुलना संपते, म्हणून शक्यतो घेतच नाहीत. अमेरिकेत असली तीन इंजिनं. एकात सहा सिलिंडर सरळ एका रांगेत, दोनांत आठ सिलिंडर चार-चार करून तिरपे समोरासमोर. आत्मारामांनी त्यांची नावं पाडली, सरळ सहा आणि वाकडे आठ. यशोधन सरळ सहाचा भक्त. कमी फेऱ्यांत पुरी ओढ, भाग कमी, बिघडायचं कारण कमी, बैलासारखं खाली मान घालून ओढत राहतं. वॉल्डॉर्फहून श्रीधर नावाचा दुसरा मित्र यायचा, तो वाकड्या आठांचा. चढावर ते लवकर उचल घेतात, आवाज कमी, गिअर दहा. मग उतारावर काय, हा वाद. धूर कोंडून इंजिनानेच गाडी मागे धरायची, ते कोणाचं जास्त चांगलं. यशोधनने भिंतीवर आलेख पाडले. श्रीधरने दुसरे पाडले. एका आलेखात ओढ पौंडांत होती, दुसऱ्यात न्यूटनांत, त्यावर एक अख्खा शनिवार गेला. महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर कुमारने मत विचारलं, तेव्हा म्यूनिकपासून आखेनपर्यंतच्या मराठी माणसाने हातातली कामं टाकून मत दिलं. त्यातल्या एकानेही आयुष्यात काही ओढलेलं नव्हतं. एकाने तर, इंजिन कुठलंही घ्या पण रंग पांढरा घ्या, असं कळवलं.

सुरुवातीला आत्मारामही रंगले. कुंभार्ली घाटात एसटी कशी चढायची ते त्यांनी सांगितलं. तिला बिचारीला कोणी आलेख दाखवला नव्हता म्हणून ती चढत असे. पण मे गेला, जून लागला, यशोधन आणि श्रीधर एकमेकांशी फक्त कुमारमार्फत बोलू लागले, आणि आत्मारामांचा पारा चढू लागला. तक्रार-खिडकीवर त्यांनी तीस-पस्तीस वर्षं 'चौकशी चालू आहे' हे वाक्य लोकांना ऐकवलं होतं. आता ते स्वतः ऐकत होते, आणि ते किती संतापजनक वाक्य आहे हे त्यांना प्रथमच कळत होतं. क्षितिजा एकदा जाताजाता म्हणाली, "बाबा, तिन्ही इंजिनं उत्तम आहेत. आपला कॅरॅव्हॅन जेमतेम दोन टनांचा आहे. त्यातलं कुठलंही आपली अख्खी बिल्डिंग ओढेल." सगळ्यांची नजर तिच्याकडे वळली. लग्नाच्या बैठकीत कोणीतरी, मुलगा आणि मुलगी दोघं माणसंच आहेत ना, असं म्हणावं तशी. मग श्रीधरने घसा खाकरला आणि जुनी गाडी विकताना किंमत कोणाची टिकते तो मुद्दा काढला.

त्याच दिवशी सुधाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हाताला कणीक तशीच. त्या शांत बाई, पण त्या दिवशी त्यांचा आवाज बारीक झाला होता, आणि देवस्थळींच्या घरात त्या आवाजाला सगळे भितात.

"मला समुद्र बघायचाय," त्या म्हणाल्या. "इंजिन नाही. महिन्यावर विमान आलं. मी परत जाईन, ऑपरेशन करून घेईन आणि कराडात बसेन. मग तुम्ही काय ते सरळ-वाकडं बघत बसा."

दुसऱ्या दिवशी कुमारने पिकअप घेतला. एवढी तुलना करून घेतला तो कुठला? उल्मजवळच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात त्या दिवशी एकच उभा होता. सरळ सहा. यशोधनला विजय झाल्यासारखं वाटलं आणि श्रीधर पुढे दोन रविवार आला नाही.

दुकानाच्या माणसाने तो अंगणात आणून उभा केला तेव्हा पहिल्या मजल्यावरच्यांनी दिवे लावले, एवढा अंधार पडला. बॉनेट सुधाबाईंच्या कपाळाएवढं उंच. सुरू केल्यावर कपाटातल्या बशा वाजत. क्राउटर बाहेर आले, मोजपट्टी काढली, पिकअप आणि टोमॅटो यांच्यातलं अंतर मोजलं, आणि काही न बोलता आत गेले. त्या न बोलण्याने आत्मारामांचं डोकं इतकं फिरलं की त्यांनी त्यांच्या बंद दारासमोर उभं राहून मराठीत दोन शब्द सुनावले. आतून श्वाबीत चार आले.

मग घर गाडीला जोडायला घेतलं. अमेरिकेतला ओढायचा गोळा इंचात मोजतात, जर्मनीतली खोबण मिलिमीटरमध्ये. गोळा पाऊण मिलिमीटरने मोठा निघाला. एवढं मोठं इंजिन, अख्खा गाव हलवील अशी ओढ, आणि अडलं ते नखाएवढ्या फरकाला. यशोधन म्हणाला कानशीने घासू. क्षितिजा म्हणाली घासलंत तर मी माहेरी जाईन. नवा गोळा मागवला. तो आला तर दिव्यांच्या तारेचा खटका जुळेना. गाडीला सात टोकं, कॅरॅव्हॅनला तेरा. ते जुळवलं तर तपासणी करून घ्या म्हणाले, आणि तपासणीला टेर्मिन, म्हणजे आधी वेळ घ्यायची. टेर्मिन घ्यायला फोन केला तर फोनवर बोलणाऱ्या बाई रजेवर. जर्मनीत देव भेटेल, टेर्मिन भेटणार नाही. आत्माराम त्या कचेरीत स्वतः गेले, खिडकीसमोर उभे राहिले आणि मराठीत ओरडले. खिडकीतल्या तरुणाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि एक चिठ्ठी दिली. आत्माराम बाहेर येऊन बाकावर बसले. ती मान हलवण्याची पद्धत त्यांची स्वतःची होती. कराडच्या डेपोत ते अशीच हलवत.

अखेर सगळं जुळलं. पत्रातली मुदत उद्यावर आली होती, विमान आठवड्यावर. सुधाबाईंनी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, अन्वीने छोटी बादली घेतली, क्षितिजाला रजा नव्हती म्हणून ती निरोप द्यायला खाली आली. कुमार चढून चक्रापाशी बसला. तेवढ्यात क्राउटर झाडूसकट गाडीसमोर येऊन उभे राहिले.

"फ्युररशाइन," ते म्हणाले. म्हणजे परवाना.

हा कोण परवाना मागणारा, असं आत्माराम म्हणेपर्यंत कुमारने सवयीने कार्ड पुढे केलं सुद्धा. जर्मनीत कोणीही कागद मागितला की आपली माणसं देतात. क्राउटरांनी कार्ड पाहिलं. मग दार उघडून कडेला ठोकलेल्या पत्र्यावर झाडूच्या दांड्याने टकटक केलं. गाडीचं भरल्या अंगाचं वजन साडेचार टन. कुमारचा परवाना साडेतीन टनांपर्यंतचा. त्याच्यावर वेगळी परीक्षा, वेगळा डॉक्टर, वेगळे टेर्मिन. यशोधनकडे तोच परवाना. श्रीधरकडे तोच. क्षितिजाकडे तोच. दोन महिने भिंतीवर आलेख पाडले, ओढ मोजली, उतार मोजले, रंगाची चर्चा केली. पण ही गाडी चालवायला आपल्यातल्या कोणाला परवानगी आहे का, हे एकाही इंजिनिअरने पाहिलं नव्हतं.

आत्मारामांचा जो स्फोट झाला त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. त्यात कुमार होता, यशोधन होता, आखेनचा रंगवाला होता, आणि शेवटी क्राउटर होते, की हा मनुष्य तमाशा बघायला नेमका आज आला. क्राउटरही ओरडत होते. वरच्या खिडक्या उघडल्या. सुधाबाई तेवढ्या शांतपणे गाडीतून उतरल्या, पुऱ्यांचा डबा अंगणातल्या बाकावर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही. नुसत्या बसल्या. ते बघून आत्माराम बोलता बोलता थांबले.

क्राउटरही थांबले. मग आत गेले आणि एक जुनी राखाडी कापडी घडी घेऊन आले. उलगडली. आत मिशीवाल्या तरुणाचा फोटो. जुन्या काळचा परवाना. त्या काळात एकच परीक्षा असे आणि तिच्यावर साडेसात टन चालवता येत, मागे जे बांधाल ते धरून. क्राउटर काहीतरी पुटपुटले. कुमारला श्वाबी कळेना. अन्वीला बालवाडीतून कळत होती, तिने ते जर्मनमध्ये सांगितलं आणि क्षितिजाने मराठीत आणलं.

"ते म्हणताहेत, मी चालवतो. तुमच्यासाठी नाही. हे धूड माझ्या टोमॅटोंवरून हटावं म्हणून मी ते चंद्रावरसुद्धा नेईन."

आत्मारामांना नाही म्हणायचं होतं. पण सुधाबाई बाकावरून उठल्या होत्या आणि डबा पुन्हा गाडीत ठेवत होत्या.

मागे सुधाबाई, अन्वी आणि कुमार. पुढे क्राउटर आणि शेजारी आत्माराम. दोघंही समोर बघत होते. तिकडचा कायदा असा की मागे काही ओढत असाल तर मोठ्या रस्त्यावरसुद्धा ऐंशीच्या वर जायचं नाही. क्राउटर अठ्ठ्याहत्तरवर गेले, आणि तिथेच राहिले. कासेलचे ते छाती फोडणारे चढ आले कधी आणि गेले कधी ते इंजिनाला कळलंसुद्धा नाही. चढावर एक डबल डेकर बस त्यांना मागे टाकून गेली. तिच्या काचेतून शाळेची पोरं हात हलवत होती. यशोधनचा फोन आला, ओढ कशी वाटतेय. आत्मारामांनी फोन बंद केला. एका थांब्यावर क्राउटरांना पुरी दिली. त्यांनी ती सालपट असावं तशी तपासली, खाल्ली, आणि हात पुढे करून आणखी दोन घेतल्या. आभार मानले नाहीत. आत्मारामांना ते बरं वाटलं.

मधे रात्रभर थांबून दुसऱ्या दिवशी दुपारी कुक्सहाफेनला पोचले. बांध चढून सगळे वर उभे राहिले. समोर समुद्र नव्हता.

चिखल होता. करडा, ओला, नजर जाईल तिथपर्यंत चिखल. त्यात घोडे जोडलेल्या गाड्या चालल्या होत्या. पाणी कुठेच नाही. तिकडे ओहोटी लागली की समुद्र मैलच्या मैल मागे जातो, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक. पण तुलना करण्यात कोणी भरती-ओहोटी बघितली नव्हती.

आत्मारामांनी आयुष्यात पुष्कळ जणांवर राग काढला होता. समुद्रावर पहिल्यांदाच काढला. बांधाच्या टोकावर जाऊन त्यांनी त्या चिखलाला असं सुनावलं की बाकावरचे दोन जर्मन उठून गेले. मग शेजारून आणखी एक आवाज आला. क्राउटर एरवी झाडू धरायचा तो हात उगारून त्याच दिशेला श्वाबीत बोलत होते. इतक्या लांब आणलं आणि हे. दोघं बराच वेळ एका दिशेने ओरडले. एकाचं संपलं की दुसरा सुरू करायचा. थकल्यावर दोघंही एकाच बाकावर बसले.

सुधाबाईंनी चपला काढल्या होत्या.

"अहो, ओरडताय काय," त्या म्हणाल्या. "समुद्र कुठे पळून जातोय? येईल. वास आलाय बघा."

त्या बांधाच्या पायरीवर बसून राहिल्या. उजेड तिकडे उशिरापर्यंत असतो. अन्वी बादलीत चिखल भरत होती. मग दूरवर एक पांढरी रेघ दिसली, ती जाड झाली, वाकडीतिकडी पुढे आली, आणि पाणी पायरीला लागलं. सुधाबाईंनी पाय आत घातले, बोट बुडवून जिभेला लावलं. हर्णैपेक्षा खारटपणा कमी आहे, म्हणाल्या. पण चालेल.

परतताना कॅरॅव्हॅन एका शेतकऱ्याच्या गोठ्यात ठेवून दिला. विमानाच्या आधीच्या शनिवारी पाटी कुमारच्या दाराला होती. आत्मारामांनी जिना झाडला, कोपऱ्यात झाडू उभा धरून, खरवडून, आणि मग दाराच्या फटीतून बघत उभे राहिले. क्राउटर बाहेर आले. सगळा जिना पाहिला. कुठे काही सापडेना. मग रागाने एक पायरी तेवढी पुन्हा झाडली आणि आत गेले. आत्माराम बायकोला म्हणाले, हा मनुष्य सुधारणार नाही. पण त्या दिवशी त्यांनी चहा दोनदा घेतला.

सप्टेंबरात कुमारचा फोन कराडला आला. अन्वीच्या शाळेचा समारंभ आदल्या दिवशीच्या बातमीने कसा कोमेजून गेला ते तो सांगत होता. आत्मारामांनी मधेच विचारलं, पाटी कोणाच्या दाराला होती. कुमार म्हणाला, आपल्या. तिकडे पहिलीच्या मुलाला खाऊने भरलेला मोठा कागदी शंकू देतात, तो भरण्याच्या गडबडीत आठवडाभर जिना झाडायचा राहून गेला होता. त्यावर आत्माराम फोनवर जे ओरडले ते शेजारच्या गल्लीत ऐकू गेलं. एक आठवडा, एक जिना, तेवढा तुमच्याने झाडवला नाही. सुधाबाईंनी त्यांना अडवलं नाही.

हेर ओटो क्राउटर शुक्रवारी, एकोणीस सप्टेंबरला सकाळी, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधल्या जिन्यावर, देवस्थळींच्या वाटणीच्या पायऱ्या झाडताना वारले.